दारात एसटी थांबणारं कॉलेज

इचलकरंजी
६ जुलै

तोहिद,

लालबीआपाची दुवा. रागात असलास तरी घे. थोरल्या बहिणीची दुवा परत करायची सोय नसती.

माफी मागायला लिवत न्हाय, हे आधीच सांगते, म्हंजे उगंच शेवटपर्यंत आशेनं वाचत बसायला नको. फक्त एक गोष्ट सांगायची हाय. त्या दिवशी हॉलमधी मी वरडले न्हाय. मी शेजारी बसल्याल्या चिमणाबाईच्या कानात बोलले. आता तीस वर्षं मागाच्या खडखडाटात सुताच्या कांड्या भरल्याल्या बाईचं कानात बोलणं केवढं असतंय, हे तुला ठावं असायला पायजे हुतं. चिमणाबाई माझ्याच मशीनच्या शेजारच्या मशीनवर. तिचंबी कान गेल्यात. म्हणून जरा जोर लावला, एवढंच.

मंडळानं गल्लीतल्या गुणवंत पोरांचा सत्कार ठेवला, तुला पावणा म्हणून कोल्हापूरनं बोलिवला. मी नवीन साडी नेसून दुसऱ्या ओळीत बसलते. माझा भाऊ सरकारी इंजिनिअर, छाती भरून आलती माझी. आन तू शाल पांघरून माईकवर म्हणालास, "माझ्या घरात कुणी शिकलेलं नव्हतं. मी आज जो काही आहे, तो एकट्याच्या जिद्दीवर."

मी म्हणाले, "एकट्याच्या? मग मी काय मेलते व्हय?"

हॉल हसला. तू भाषण गुंडाळलंस आन जेवायला न थांबता गाडीत बसून गेलास. भावजय मागनं पळत गेली बिचारी. त्याला महिना झाला. फोन उचलत न्हाईस. उचललास तरी मला त्यातलं अर्धंच ऐकू येतंय, ते सोड. मोबाईलवर लिवलं तर निळ्या खुणा दिसत्यात आन पुढं काय न्हाय. म्हणून रजिस्टर पोष्टानं धाडते. पोष्टमनापुढं सही करताना तरी माझं नाव वाचावं लागंल.

जिद्द नव्हती असं मी म्हणत न्हाय. लई हुती. पण जिद्द आपल्या गल्लीत घरटी एक हाय रं. तुझ्या वर्गातला आदर्श आठवतोय का? तुझ्यापेक्षा हुशार. तो आज माग चालिवतोय, आन बरा चालिवतोय. त्येला कमी काय पडलं, सांगू? कोल्हापूरला खाला नव्हती. तू सातवी झालास तवा अब्बा म्हणाले, हितं ऱ्हायला तर पोरगं मागावरच जाणार, ह्येला मंगळवार पेठेत अम्मीच्या बहिणीकडं ठेवू. खालाच्या शेजारी केरबाअण्णा, तहसीलात कारकून. दहावी झाल्यावर डिप्लोमाचा फॉर्म त्येंनी आणून दिला, दाखले त्येंनी काढून दिले, कुठं सही करायची तिथं पेन्सिलीनं फुली मारून दिली. आपल्या गल्लीत तवा शंभर माणसं हुती. मागाला काय झालंय हे समद्यांना कळायचं. डिप्लोमा कशाला म्हणत्यात, हे एकालाबी म्हाईत नव्हतं.

आन तू गेल्यावर घरातला एक हात कमी झाला. मी नववीत हुते. गणितात पैकीच्या पैकी. तुला अपूर्णांक कुणी शिकिवलं, ते एकदा आठवून बग. मी कांडीच्या मशीनवर गेले. हसत गेले. त्याचं दुःख मी कवा केलं न्हाय, आजबी करत न्हाय. पण माईकवर एका वाक्याचं काम हुतं. "माझी बहीण" एवढं म्हणाला असतास तर तुझी शाल काय खाली पडली नसती.

झालं. बोलायचं हुतं ते बोलले. भावजयीला सलाम सांग. जेवत जा येळेवर.

लालबी

---

इचलकरंजी
१९ जुलै

तोहिद,

पोष्टमन पोचपावती दिऊन गेला. सही तुझीच हाय, "त" चं शेपूट अजून तसंच वडतोस. उत्तर मात्र न्हाय. हरकत न्हाय. मी काय उत्तरासाठी लिवत न्हाय, बातमीसाठी लिवते.

तुझ्या भाचीनं, मुस्काननं, इंजिनिअरिंगच्या परीक्षेत अठ्ठ्याण्णव काढल्यात. ते टक्के नसत्यात म्हणं, पर्सेंटाइल का काय असतंय. तिनं मला दोनदा समजावून सांगितलं, मी दोनदा मान हलवली. शंभर पोरांत अठ्ठ्याण्णव मागं, एवढं कळलं, तेवढं बास झालं. कुतुबुद्दीननं कारखान्यात पेढं वाटलं. मालक म्हणाला, माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरच्या पोटी इंजिनिअर आली की. तर हे म्हणाले, "मालक, जॉबर म्हंजे इंजिनिअरच असतोय, फक्त त्येला खुर्ची नसती." माझा नवरा वर्षातनं एकदाच बोलतोय, पण बोलतोय ते ठोक बोलतोय.

आता कॉलेजांची नावं भरायची असत्यात. कुठलं पयलं, कुठलं दुसरं, अशी उतरंड लावायची. त्याची आमची तयारी बगायला पायजे हुतीस तू. कुतुबुद्दीन सुट्टीच्या दिवशी सकाळपासनं स्टँडवर जाऊन बसले आन एसटीच्या येळा उतरून आणल्या. कुठली गाडी कुठल्या कॉलेजला थांबती, कुठं उतरून किती चालायला लागतंय, शेवटची परतीची कवा, समदं वहीत. मागाचा नट शोधावा तसं शोधलं माणसानं. त्या वहीवरनं आम्ही उतरंड लावली. पयल्या नंबरला कोल्हापूर रस्त्यावरचं कॉलेज, का तर एसटी दारातच थांबती. सात वीसला हितनं बसली की संध्याकाळी सातच्या आत घरात. दुसरं, तिसरंबी असंच, फक्त थोडं थोडं चालणं वाढत गेल्यालं. पुण्याचं सरकारी कॉलेज शेवटाला घातलंय, पानाला शोभा म्हणून.

फॉर्म मुस्काननंच भरला. सम्राट कॉम्प्युटरवाल्याच्या दुकानात. मी नुस्ती शेजारी बसलते. अजून पक्का करायचं बटण दाबल्यालं न्हाय. सम्राट म्हणाला, काकी, एकोणतीस तारखेला मंगळवारी संध्याकाळी पाचपर्यंत मुदत हाय, ते बटण शेवटाला दाबू, कुणाला काय सुचलं तर बदलता येतंय. मला काय सुचायचं ऱ्हाय‌लं न्हाय.

बग, तुझ्याबिगर झालं की न्हाय? सत्काराच्या दिवशी तू पोरांना म्हणालास, गावात राहूनही मोठं होता येतं. ते तेवढं माझ्या ध्यानात ऱ्हायलं हाय. तुझंच ऐकलंय म्हण.

तुला इचारायला म्हणून लिवलं न्हाय. कळवायला लिवलं.

लालबी

---

इचलकरंजी
२७ जुलै, रविवार

तोहिद,

तुझं पत्र आलं. आठ ओळी. दीड महिना घेतलास त्याला.

पयल्या चार ओळी माझ्या. तू लिवलंयस की तुझ्या हापिसात समद्यांचे वडील कायतरी हुते, कुणाचे मामलेदार, कुणाचे प्राचार्य. जेवायच्या सुट्टीत तेच बोलणं. तिथं तू कवा घरचं सांगत न्हाईस, आन न सांगायची एवढी सवय लागली की गल्लीतल्या माईकवरबी तेच तोंडातनं गेलं. त्या दिवशी पयल्या ओळीत तुझे साहेब बसले हुते, हे मला म्हाईत नव्हतं. वाचून मला रडू आलं. तुझ्यावर न्हाय, त्या जेवायच्या सुट्टीवर. एवढं शिकून माझा भाऊ तिथं गप बसून डबा खातोय, हे मला सहन झालं न्हाय. आता कुणी इचारलं तर सांगत जा, मी कांडीवालीचा भाऊ हाय. सांगून बग एकदा. काय बिगडत न्हाय.

खालच्या चार ओळी मुस्कानच्या. त्या मी वाचल्या, मग कुतुबुद्दीनला वाचून दाखिवल्या, मग परत एकटीनं वाचल्या. तू लिवलंयस की पयल्या नंबरचं कॉलेज पयल्याच फेरीत मिळालं की तेच पक्कं होतंय, पुढच्या फेरीत नाव येत न्हाय. म्हंजे एवढे मार्क असताना ते दारात एसटी थांबणारं कॉलेज तिला मिळणारच, आन पुण्याचं कुणी उघडूनबी बघणार न्हाय. शेवटाला तू इचारलंयस, "ही क्रमवारी कुणी लावली?"

आधी मी चिडले. म्हणाले, शहाण्याला हे म्हाईत हुतं तर आधी का सांगितलं न्हाय? तुझं उत्तर मला ठावं हाय. म्हणशील, आपा, तू इचारलं न्हाईस. आरं, इचारायला सुदीक आधी कायतरी म्हाईत असावं लागतंय. आम्हाला एसटीच्या येळा म्हाईत, आम्ही त्या इचारल्या. तुझी पोरगी परीक्षेला बसंल तवा तिला काय इचारायचं हे जन्मापासनं घरात ऐकू आल्यालं असंल.

असं दोन पानं तुला झाडून लिवलं हुतं. ती पानं फाडली. का फाडली ते आता सांगते.

क्रमवारी मी लावली.

मुस्काननं वहीत पुण्याचं कॉलेज पयलं लिवलं हुतं. तिच्या वर्गातल्या मॅडमनी सांगितलं हुतं तसं. बापानं एसटीच्या येळा आणल्या तवा ती काय बोलली न्हाय, त्या येळांवरनं बाकीची कॉलेजं खाली दुसऱ्या नंबरापासनं लिवली. दुकानात सम्राटनं पुण्याचंच पयलं घातलं. मग रहिवासी दाखला घरात ऱ्हायला म्हणून ती आणायला गेली. दहा मिनटं. तेवढ्यात मी सम्राटला म्हणाले, ते पुण्याचं खाली घे आन एसटीचं वर घे. तो माझ्याकडं बघायला लागला. त्येनं इचारलं, काकी, मुस्काननं सांगितलंय का असं?

मी "व्हय" म्हणाले.

पयल्या फेरीचं पक्कं होतंय ते मला म्हाईत नव्हतं, खरंच न्हाय. पण वरचं खाली केलं की पुणं लांब जातंय, एवढं म्हाईत हुतं. तेवढ्यासाठीच केलं. ती संध्याकाळी सातला दारात दिसावी, भाकरी गरम असताना तिनं खावी, एवढंच माझ्या डोस्क्यात हुतं. तू खालाकडं गेलास ते परत आलास व्हय कधी? सणाला आलास, पावण्यासारखा. बूट दारात काढून खुर्चीवर बसलास. मी चहा आणून दिला आन तू "थँक्यू" म्हणालास मला. बहिणीला. त्या दिवसापासनं माझ्या मनात भ्या बसलंय. शिकलं की माणूस जातंय. मला पोरगी शिकल्याली पायजे आन घरातबी पायजे. दोन्ही हातात धरायला गेले.

सत्काराला तुझ्यावर "मी काय मेलते व्हय" म्हणून उखडले, का तर माझं शिक्षण तुझ्या पायी गेलं आन तू नाव घेतलं न्हाईस. आन तीच मी, दुकानात स्टुलावर बसून, पोरीचं खाली सरकवून आले. अब्बांनी निदान उघड उघड केलं हुतं. मी तिच्या पाठीमागं केलं. मागच्या पत्रात तुला लिवलं, फॉर्म तिनंच भरला. ते खोटं हुतं.

हे पत्र तुला मिळंल तवा मंगळवार होऊन गेलेला असंल. तू काय करू शकणार न्हाईस, म्हणूनच हे लिवायला जमतंय. उद्या सकाळी मी तिला सांगणार हाय. सम्राटला हळूच सांगून परत खालवर करता येईल, कुणाला कळणार न्हाय, हाबी इचार रातभर केला. पण तसं केलं तर मी तिच्या नशिबात दोनदा हात घातल्यासारखं होईल. ती मला काय म्हणंल, त्येची मला लई भीती वाटती. मागाच्या पट्ट्यात पदर अडकला तवाबी एवढी वाटली नव्हती.

दुवा कर.

तुझी आपा

---

इचलकरंजी
९ ऑगस्ट

तोहिद,

तू फोनवर मुस्कानकडनं समदं ऐकलंयस, पण सोमवारचं तिनं तुला सांगितलं नसणार. ती सांगणारी न्हाय. म्हणून मी लिवते.

सकाळी ती आरशापुढं केस विंचरत हुती. कुतुबुद्दीन कारखान्यात गेलते. मी भाकरीचं पीठ मळत हुते, हात पिठात असले की बोलायला बरं पडतंय. मी तिला समदं सांगितलं. दाखला आणायला गेलीस तवा काय झालं, सम्राटनं काय इचारलं, मी काय म्हणाले. एका दमात सांगितलं. आपलं बोलणं शेजारच्या तीन घरांत जातंय हे मला कळत हुतं, पण आवाज कमी करायला जमलं न्हाय.

ती विंचरतच ऱ्हायली. मग म्हणाली, "अम्मी, मला म्हाईत हाय. सम्राटदादानं त्याच दिवशी प्रिंट दिली हुती."

दहा दिवस, तोहिद. दहा दिवस ती कागद दप्तरात ठिवून माझ्यासमोर जेवत हुती, कपडं वाळत घालत हुती, मला मोबाईलवर पावसाचं बघून सांगत हुती. मी म्हणाले, मग बोलली का न्हाईस बाई?

तर ती आरशातनंच माझ्याकडं बघून म्हणाली, "मामासाठी तुझी शाळा सोडवली, तवा तू बोललीवतीस व्हय?"

मला वाटलं, माझा हात कुणीतरी परातीतच धरून ठेवला. तुला पयल्या पत्रात मी ऐटीत लिवलं की हसत गेले. खोटं हाय ते. मी काय हसत गेले नव्हते. मी गप गेले, आन गप गेलेल्या पोरीला समदी म्हणत्यात, किती शहाणी, हसत गेली. ती तसलीच शहाणी व्हायला लागलती, माझ्या घरात, माझ्यामुळं. त्या दिवशी मला पयल्यांदा कळलं की आपण पोरीला नुस्तं गणित दिल्यालं न्हाय.

मी रडले लई. मग तसल्याच पिठाच्या हातानं तिला उठिवलं आन सम्राटचं दुकान उघडायच्या आधी दारात जाऊन उभी ऱ्हायले. चिमणाबाईबी मागनं आली, तिला न बोलवता. सम्राटला म्हणाले, मागं मी तुझ्याशी खोटं बोलले, आता पोरगी सांगंल तसं लाव. तो बिचारा खुर्चीवरनं उठूनच उभा ऱ्हायला. मुस्काननं पुणं वर घेतलं. मग दुसरंबी बदललं, तिसरंबी. एसटीचं कॉलेज सातव्या नंबरावर गेलं. बापाची वही तिनं शेजारी उघडून ठेवली हुती, पण बघितली न्हाय. पक्कं करायचं बटण दाबायची येळ आली तवा तिनं माझा हात धरून कॉम्प्युटरच्या त्या उंदरावर, माऊसवर, ठेवला. मीच दाबलं. पीठ लागलं त्येला. सम्राटनं ते फडक्यानं पुसून घेतलं.

पुढचं तुला म्हाईत हाय. पुण्याचं मिळालं, पयल्याच फेरीत. कुतुबुद्दीन पुन्हा पेढं वाटायला निघालते, मी म्हणाले, आता बास, कारखान्यात लोकांना साखर हुईल.

त्या रात्री तू तिच्याशी तासभर बोललास. वसतिगृहाचा अर्ज कधी, कुठल्या दाखल्याला किती दिवस लागत्यात, पयल्या सत्रात कुठला विषय जड जातोय, तिथली पोरं इंग्रजीत बोलायला लागली की कसं घाबरायचं न्हाय. ती वहीत उतरून घेत हुती, मी बघत हुते. तुला खालाच्या घरात कळायला जेवढी वर्षं लागली, ते तिला एका बैठकीत मिळालं. तवा मला वाटलं, आमच्याबी घरात केरबाअण्णा झाला. तुझ्यावरचा माझा राग गेला त्या रात्री. थोडा ऱ्हायलाय, तो ठेवते. थोरल्या बहिणीकडं असावा लागतोय थोडा.

भीती मात्र गेल्याली न्हाय, हे तुला खरं सांगते. ती सणाला यील आन मला "थँक्यू" म्हणंल, ह्याचं भ्या अजून हाय. म्हणाली तर म्हणाली. मी तिला तिथल्या तिथं झापीन. तुला झापायला पायजे हुतं, ते माझ्याच्यानं झालं न्हाय.

सतरा तारखेला रविवारी तिला पोचवायचं हाय. कुतुबुद्दीन एसटीच्या येळा काढून बसल्यात, पर मी त्येंना सांगितलंय, वही मिटा. तू गाडी घिऊन सकाळी सहाला गल्लीत यायचं. बूट काढून घरात यायचं, भाकरी खायची, मग निघायचं. तुझं मागचं जेवण बाकी हाय आमच्याकडं. भावजयीला आन. मुस्कान मागं सामानाबरूबर बसंल, कुतुबुद्दीनबी मागं. मी पुढं तुझ्याशेजारी बसणार. पुणं मी अजून बघितल्यालं न्हाय, आन माझी पोरगी जिथं ऱ्हाणार तिथली वाट मला नीट बघून घ्यायची हाय.

तुझी,
लालबीआपा